बत्तीस टक्के: ठाण्यातून नायट्रॉक्सच्या कार्डापर्यंत

तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले ते २०१८च्या मे महिन्यात. बोटीवरच्या मुलाने पाठीला सिलिंडर लावता लावता सांगितलं, "ताई, ऑक्सिजनची टाकी आहे. बिनधास्त श्वास घ्या." ठाण्याला परतल्यावर मीही सोसायटीत सगळ्यांना तेच सांगत सुटले. आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं. प्रत्यक्षात त्या टाकीत साधी हवा असते. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून आपण घेतो तीच, फक्त गाळून, कोरडी करून २०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशेपट दाबाने भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन भरून त्या मुलाने मला दहा मीटर खाली नेलं असतं, तर ऑक्सिजननेच मला पाण्यात झटके येऊ शकले असते.

हे कळलं ते नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेवर डाइव्ह करायचा कोर्स करताना. जून २०२४ मध्ये मनात घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कार्ड मिळालं. प्रत्यक्ष कोर्स दीड दिवसाचा. बाकीचे महिने फॉर्म, डॉक्टर, विमा, रजा आणि माझी भीती यांत गेले. ठाण्यात बसून हे करायचं तर विचारायला माणूस सापडत नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

मुळात हे डोक्यात कुठून आलं? डिसेंबर २०२२ मध्ये मी आणि माझा भाचा ओंकार अंदमानला ओपन वॉटर आणि लागूनच अ‍ॅडव्हान्स्ड असे स्कूबा डायव्हिंगचे दोन कोर्स करून आलो. तेव्हा २८ मीटरवर असताना आमच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवरची खाली थांबायची मुदत भराभर कमी होत होती, आणि शेजारच्या गटातले लोक मात्र निवांत होते. ओंकारने वर आल्यावर चौकशी केली. ते नायट्रॉक्सवर होते. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, बहुतेक वेळा ३२ किंवा ३६ टक्के. ऑक्सिजन वाढला की तेवढा नायट्रोजन कमी. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन अंगात मुरत जातो, आणि जास्त मुरलेला असताना वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून प्रत्येक खोलीला मिनिटांची मर्यादा असते. आम्ही शिकलो त्या तक्त्यात साध्या हवेवर ३० मीटरला २० मिनिटं आहेत. ३२ टक्क्यांवर तीच खोली नायट्रोजनच्या हिशेबात साडेचोवीस मीटरच्या आसपास येते, म्हणजे तक्त्यात २५ मीटरची ओळ बघायची: २९ मिनिटं.

नऊ मिनिटं जास्त. त्यासाठी एवढा खटाटोप? माझ्या नवऱ्याचा हाच प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुलैमध्ये ऑनलाइन अभ्यास सुरू केला. कोर्सचे १४,५०० रुपये, त्यात हा अभ्यास आणि कार्डाची फी धरलेली. माझं ऑफिस वाशीला, त्यामुळे सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं की फोन उघडायचा. ऐरोलीपर्यंत एक प्रकरण, कोपरखैरण्यापर्यंत प्रश्न.

माझी पहिली समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली. मला वाटत होतं की नायट्रॉक्स म्हणजे जास्त खोल जायची सोय. आहे ते नेमकं उलट. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका बारने वाढतो, वर हवेचा एक बार असतोच. ३० मीटरवर चार बार. एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. १.६ हा अगदी शेवटचा काठ, तिथे मुद्दाम जायचं नसतं. १.४ला ०.३२ने भागा, एक वजा करा, दहाने गुणा: ३३ मीटर. ३६ टक्क्यांना २८ मीटर. साध्या हवेला हीच मर्यादा ५६ मीटरवर येते. म्हणजे 'जास्त ताकदीचा' गॅस भरलात की खालची जमीन वर सरकते. खोलीसाठी हेलियम घातलेली मिश्रणं असतात, ट्रायमिक्स वगैरे. हेलियमने खोल पाण्यात येणारी गुंगी कमी होते, पण तो वेगळा, लांबलचक तांत्रिक अभ्यास आहे. ओंकारने पुढे कोर्समध्ये त्याबद्दल विचारलं तेव्हा आमच्या मॅडमनी "आधी शंभर डाइव्ह करा, मग बोलू" एवढंच उत्तर दिलं.

मर्यादा ओलांडली तर काय होतं, त्या प्रकरणाला मी घाबरले. ऑक्सिजनमुळे झटके येतात हे पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच लिहून ठेवलंय. जमिनीवर असा झटका माणूस सोसू शकतो, पाण्यात श्वास घ्यायचा तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. आधी खुणा होतात, पण होतीलच असं नाही: नजर आक्रसणं, कानात गुणगुण, मळमळ, ओठ-गाल फडफडणं, चिडचिड, चक्कर. मी पाठांतरासाठी "न-का-म-ओ-चि-च" करून ठेवलं होतं. (चिडचिड ही खूण माझ्या बाबतीत निरुपयोगी. ती ठाणे स्टेशनच्या पुलावरच सुरू होते.) दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलाच्या डायव्हर्सवर प्रयोग केले. त्यात असं दिसलं की एकाच माणसाची सहनशक्तीही रोज वेगळी असते. काल काही झालं नाही, याला आज काही अर्थ नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं.

आता फॉर्म. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म म्हणजे हो-नाहीची प्रश्नावली. त्यात ४५ वर्षं पूर्ण का, हा एक प्रश्न आहे आणि मी ४६ची. तिथे 'हो' म्हटलं की पुढच्या चौकटीत जावं लागतं: धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घरात कुणी अकाली हृदयविकाराने गेलंय का. माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं. त्या चौकटीत एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरांची सही लागते. मला दोन ओळखीच्यांनी सल्ला दिला की सगळीकडे 'नाही' लिहून टाक, कोण बघतंय. खरंच कुणी बघत नाही. पण पाण्याखाली माझी जोडी ओंकारशी असणार होती. माझं काही झालं तर मला वर आणायचं काम त्या बावीस वर्षांच्या पोरावर येणार. मी खरं लिहिलं.

नौपाड्यातले आमचे डॉक्टर बाबांच्या वेळेपासूनचे. फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, "अगं, मी सही कशावर करू? मला समुद्रातलं काय कळतं?" इथे एक गोष्ट उपयोगी पडली. त्या फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीही मार्गदर्शन असतं, कोणत्या आजारात काय बघायचं याचं. ते मी छापून नेलं होतं. त्यांनी ते ठेवून घेतलं, दोन दिवसांनी बोलावलं आणि ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट, नवं लिपिड प्रोफाइल आणि कानाची तपासणी सांगितली. ट्रेडमिलचे २,२०० रुपये, रक्ताचे ६००. कानाच्या पहिल्या डॉक्टरांनी ८०० घेतले, कान बघितले, ठीक आहेत म्हणाले, आणि "या वयात हे उद्योग कशाला" म्हणत लिहून द्यायला नकार दिला. दुसऱ्यांनी पाच मिनिटांत लिहून दिलं. या सगळ्यात तीन आठवडे गेले. ८ ऑगस्टला सही झाली. सहीचा कागद स्कॅन करून आधी डाइव्ह सेंटरला पाठवा आणि त्यांचा होकार आल्यावरच विमानाचं तिकीट काढा. उलट क्रमाने केलेल्या एकाचं तिकीट वाया गेलेलं मी तिथे पाहिलं.

विम्याचं लवकर आवरते. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ बसत नाहीत. हे लेखी कळायला अकरा दिवस आणि चार ईमेल लागले. मग डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा, म्हणजे डॅनचा वार्षिक विमा काढला, साधारण सहा हजार पडले. घेताना एवढंच बघा की रिकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवायच्या बंद खोलीचा खर्च आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च दोन्ही आहेत ना. अंगात बुडबुडे झाले तर खरा उपचार चेंबरमध्येच होतो, आणि आम्ही जाणार होतो अंदमानच्या हॅवलॉक बेटावर, तिथून जवळचा चेंबर पोर्ट ब्लेअरला, नौदलाकडे. म्हणजे मध्ये समुद्र.

दोन वर्षांत पाण्यात उतरले नव्हते, म्हणून नोव्हेंबरमध्ये नेरुळच्या एका पूलमध्ये रिफ्रेशर घेतला. रविवारी पहाटेची ठाणे-नेरुळ लोकल, ४,५०० रुपये, दोन तास. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढणं मला अजूनही आवडत नाही. पण तरंगण्याचा ताबा परत आला. नायट्रॉक्सला हे का महत्त्वाचं, ते नंतर कळलं: खोलीची मर्यादा असताना माणूस दोन मीटर वर-खाली डुलत राहिला तर त्या मर्यादेला अर्थ नाही.

१७ जानेवारीला शुक्रवारी निघालो. पोर्ट ब्लेअर आता कागदोपत्री श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉक स्वराज द्वीप, पण जेट्टीवर, रिक्षात, हॉटेलात जुनीच नावं चालतात. तिकिटावर मात्र नवं नाव असतं, घाबरू नका. शनिवारी फेरीने बेटावर. रविवारी साध्या हवेवर दोन उथळ डाइव्ह, मॅडमना आमची पोहण्याची ढब बघायची होती. जाताना मला थोडी सर्दी होती. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांत बहुतेकदा सुडोएफेड्रिनसारखं औषध असतं आणि जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासोबत ते टाळायला सांगतात, म्हणून पिशवीतली पट्टी पिशवीतच राहिली. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं. कान मोकळे होत नसते तर मी उतरणारच नव्हते.

सोमवारी, २० तारखेला, लेखी परीक्षा आणि सिलिंडर मोजणं. परीक्षेत दोन चुका, दोन्ही गणिताच्या. मी बँकेत आहे, हे मॅडमना सांगितलं नाही.

मोजणं मात्र मला फार आवडलं. अ‍ॅनालायझर म्हणजे मुठीएवढी पेटी. आधी ती साध्या हवेवर २०.९ला लावून घ्यायची. मग सिलिंडरचा वॉल्व्ह अगदी किंचित उघडून गॅस सेन्सरवर सोडायचा आणि आकडा थांबेपर्यंत थांबायचं. मी घाईने ३०.४ असं ओरडले. कॉम्प्रेसरवर काम करणारा माणूस मायाबंदरचा, कारेन समाजातला, दिवसभरात दहा शब्द बोलणारा. त्याने नुसता हात वर केला. आणखी अर्ध्या मिनिटाने ३१.९वर आकडा थांबला. मग रजिस्टरमध्ये सिलिंडर क्रमांक, टक्केवारी, कमाल खोली, नाव, सही. तेच सगळं चिकटपट्टीवर लिहून सिलिंडरच्या गळ्याला. हे ज्याचं त्यानेच करायचं. ओंकारने माझंही मोजून टाकतो म्हटलं तर त्याला बाजूला बसवलं गेलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाची बोट. जॉनीज गॉर्जला जायचं होतं, ठरलेली खोली ३० मीटर. माझ्या सिलिंडरवर भरणाऱ्याची पट्टी ३२ची. माझ्या अ‍ॅनालायझरवर ३५.६.

पहिला विचार आला तो हा की माझंच चुकलंय. दुसरा विचार, बोट थांबलीये, आठ माणसं वाट बघतायत, त्यात सगळ्यांत वयस्कर मीच, आणि ३२ लिहिलंय तर ३२च असणार. मी पेन उचलून ३२ लिहिणारही होते. ते क्षण अजून आठवतात. मग पेटी पुन्हा हवेवर लावली, पुन्हा मोजलं. ३५.६. मॅडमना हाक मारली. त्यांनी दुसरी पेटी आणली. ३५.४. ते आदल्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी भरलेलं ३६चं सिलिंडर होतं, पट्टी चुकीची लागली होती.

उगीच घाबरवायचं नाहीये. ३५.६ टक्क्यांवर ३० मीटरला ऑक्सिजनचा वाटा १.४२ येतो, तेवढ्याने काही होत नाही. पण माझं कॉम्प्युटर ३२वर लावलेलं असतं, त्याने ३३ मीटरपर्यंत तोंड उघडलं नसतं. आणि तिथे उतार आहे, मासा दिसला की माणूस खाली घसरतो. ३३ला हाच वाटा १.५ पार करतो. मॅडमनी दोन पर्याय दिले: हेच घेऊन २८च्या वर राहा किंवा बदला. मी बदललं. नवं ३१.८ आलं. बोट वीस मिनिटं उशिरा सुटली, कुणीतरी घड्याळाकडे बघून उसासा टाकला. कॉम्प्रेसरवाल्या दादांनी रजिस्टरमध्ये जुन्या नोंदीवर काट मारून नवी लिहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दहा शब्दांच्या माणसाकडून तेवढं पुष्कळ.

डाइव्हबद्दल. नायट्रॉक्सला चव नाही, वास नाही, वेगळं काहीही वाटत नाही. थकवा कमी येतो असं सगळे सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही आणि मी बोटीवर नेहमीसारखीच झोपले. २६ मीटरवर मात्र ओठ थरथरल्यासारखा वाटला आणि पोटात गोळा आला. न-का-म-ओ! ओंकारला खूण केली, ठरल्याप्रमाणे दोघं चार-पाच मीटर वर आलो आणि थांबलो. दुसरं काहीच होत नव्हतं. प्रवाहात रेग्युलेटर हलत होता आणि मी तो दातांत करकचून धरला होता, एवढंच. मॅडम म्हणाल्या, वर आलात ते बरोबर केलंत. पुन्हा हळूच खाली गेलो, २८पर्यंत. बॅराकुडांचा थवा, पिवळ्या स्नॅपरचे ढिगारे, आणि लांबवर एक पांढऱ्या टोकाचा शार्क, ज्याला आमच्यात काडीचा रस नव्हता.

आणि त्या नऊ मिनिटांचं काय झालं? सतराव्या मिनिटाला माझ्या टाकीच्या दाबाचा काटा ८० बारवर. इतक्या खोलीवर दर श्वासाला वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट गॅस जातो, आणि मी घाबरून भसाभस श्वास घेत होते. कॉम्प्युटरवर भरपूर मुदत शिल्लक होती, टाकीत गॅस नव्हता. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं: श्वास जड असेल तर खोल डाइव्हला नायट्रॉक्सचा वेळ हाताला लागतच नाही. फायदा झाला तो दुसऱ्या डाइव्हला, १८ मीटरवर, जिथे पहिल्या डाइव्हचा साठलेला नायट्रोजन कमी असल्याने मुदतीची चिंताच राहिली नाही.

गुरुवारपर्यंत आणखी चार डाइव्ह झाल्या, प्रत्येक नायट्रॉक्स सिलिंडरला ६०० रुपये जादा. भाड्याचं कॉम्प्युटर रात्रीतून परत २१वर जायचं, त्यामुळे रोज सकाळी टक्केवारी नव्याने टाकायची. काही जण मुद्दाम कॉम्प्युटर हवेवर ठेवून नायट्रॉक्स घेतात, नायट्रोजनच्या बाजूने जास्त सुरक्षित म्हणून. मला ते पटलं नाही. मग ऑक्सिजनची मर्यादा कोण सांगणार?

२३ तारखेला शेवटची डाइव्ह सकाळी १०.४०ला संपली. रोज अनेक डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं, नायट्रॉक्स घेतलं म्हणून त्यात सूट धरायची नाही. आमचं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराचं, म्हणजे पंचवीस तास. ती रात्र पोर्ट ब्लेअरला काढली. हॉटेलचे पैसे जास्त गेले, पण फेरी रद्द होण्याची भीती असतेच, तेव्हा हा दिवस हिशेबात धराच.

कार्ड चार दिवसांनी ईमेलने आलं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळून. दुरुस्तीला आणखी आठवडा गेला. प्रवास, राहणं, डाइव्ह, विमा, तपासण्या, सगळं धरून माझे एकटीचे ८७ हजारांच्या आसपास झाले, आणि कोर्स त्यातला अगदी लहान भाग. आईला फोटो दाखवले. तिने पाठीवरच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्याच्या सिलिंडरवर बोट ठेवून विचारलं, "हीच ना गं ती ऑक्सिजनची टाकी?" मी म्हटलं, "थोडी जास्त ऑक्सिजनची." तिचं समाधान झालं.

डॉक्टरांची सही वर्षभरच चालते. म्हणजे ऑगस्टमध्ये पुन्हा ट्रेडमिल. कानासाठी या वेळी सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडेच जाणार आहे.